मूळ गाव: मरोदा

निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी महाराष्ट्राबाहेरच्या या मरोद्यातलं कुठलंही लेकरू खोकलं की सत्यशीलाबाईंची मान आपोआप वळे. चौतीस वर्षं नर्स होत्या. खोड जाते कुठे!

त्या रविवारी खोकत होती रीना, हिराची दीड वर्षाची पोर. हिरा ओडिशातून ठेकेदाराबरोबर कामाला आलेली, रुळांमागच्या झोपड्यांत राहणारी. पोरीच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात होत्या. बाईंनी मायलेकींना थेट मराठी मंडळाच्या बालआरोग्य शिबिरात नेलं. साडेबारा वाजले होते आणि डॉक्टर एकला जाणार होते.

दारात टेबल. टेबलामागे अध्यक्ष शामसुंदर. त्यांच्या डोक्यावर बॅनर: ‘फक्त स्थानिक बालकांसाठी’. त्यावरच्या फोटोंत बालकं दोन आणि अध्यक्ष एक, पण जागा अध्यक्षांनाच जास्त लागली होती.

“ताई, बाहेरच्या लोकाइले घेतलं तं आपल्या लेकराइनं कुठी जाचं?”

“आत किती लेकरं हायेत?”

“चार. पन नियम म्हंजे नियम.”

बाईंनी रजिस्टर ओढलं. ‘गाव कोणतं?’ हे विचारल्याशिवाय आमच्या लोकांना कुणाची ओळख झाल्यासारखी वाटत नाही. म्हणून मंडळाने नावापुढे पहिलाच रकाना आखला होता, ‘मूळ गाव’. बाई वॉर्डातली हजेरी घ्यावी तशा खणखणीत वाचू लागल्या.

“अतुल, लाखनी. मोहित, साकोली. उन्नती, गोंदिया. पीयूष, तुमसर. हा तं तुमचा नातू न, भाऊ? त्यानं तुमसर पाह्यलं तरी हाय का?”

“ते आपली लिहाची पद्धत हाय...”

“म्हंजे एकबी लेकरू इथलं नाही. सारे बाहेरचे. हाकला!”

आत कुणाची तरी आई फिसकन हसली. शामसुंदर बंद पंख्याकडे पाहू लागले.

बाईंनी स्वतःच लिहिलं: रीना, मरोदा. “हे पोरगी इथंच, झोपडीत झाली. नाळ म्याच कापली. तुमच्या यादीत स्थानिक हे एकटीच. सरका!”

सरकले. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, “न्यूमोनिया दिसतोय. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या.”

गाडी एकच होती, अध्यक्षांची, आणि बॅनरची दोरी तिच्याच कॅरिअरला बांधलेली. शामसुंदरांचा मुलगा शुभम स्टिअरिंगवर जाऊन बसला. हिरा पोरीला घेऊन मागे शिरली. बाईंनी डॉक्टरांची कात्री उचलली आणि दोरी कापली, नाळेइतक्याच सफाईने.

गाडी निघाली. अंगावर पडलेल्या बॅनरखालून अध्यक्ष ओरडत होते, “अरे, फोटो तं काढू द्या!”