एकोणीस घरांचं गोड पाणी

आधी चहा घ्या. पाणी मात्र मागू नका. पाणी मागितलं की माझी बायको सुनीता आतून हसते आणि मग मला हा किस्सा सांगावाच लागतो. हसली बघा! बरं, निघालाच आहे विषय तर ऐका. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण सही ठोकून केलेला हा एकच.

तुम्हाला माहीतच आहे, मी पूर्णा गावातल्या एका गोदामात सुपरवायझर. आलेला माल तपासून आत घ्यायचा, हे माझं काम. खोकं कुठून आलं, कोणी पाठवलं, हे विचारल्याशिवाय मी सुतळीचा तोडासुद्धा आत घेत नाही. पोरं पाठीमागे मला काय म्हणतात ते जाऊ द्या.

रविवारी सुट्टी. तेव्हा आमचं एक छोटं मंडळ आहे, त्याचं काम करतो. गुरुजी त्याचे प्रमुख. शाळेतून निवृत्त झाले, पण आवाज अजून वर्गातलाच. पाणी नसलेल्या पाड्यांना नळ आणून द्यायचा, एवढंच आमचं काम. तर झालं काय, कोणा भल्या माणसानं आम्हाला एका गावाला पुरतील एवढे पाइप दिले. गुरुजींच्या मनात खाडीतलं एक बेट होतं. आमच्या खारबावहून खाली उतरलं की होडीनं वीस मिनिटं. एकोणीस घरं. आदिवासी माणसं, थोडी भातशेती, बाकी मजुरीला आमच्याच गोदामांत नाहीतर पुढे वडपे गावात. तिथं पाण्याचे हाल आहेत असं गुरुजींच्या कानावर आलं होतं. पण पाइप देणारे म्हणाले, कानावर आलेलं चालणार नाही, आधी सर्व्हे करा. सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर पाइप दुसऱ्या तालुक्यात जातील.

सर्व्हे म्हटल्यावर माझ्याशिवाय कोण? फॉर्म भरायचा हात आहे माझा.

गुरुजींनी मला बजावून सांगितलं, पाइपचं नाव काढायचं नाही. लोकांना उगाच आशा लागते आणि मग आपल्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही. घरोघर जा, पाणी चाखा आणि लिहा. चवीसाठी फॉर्मवर तीनच चौकोन होते. गोड, मचूळ, खारट. ह्यात चुकायला जागा आहे का, सांगा बरं? मी काढली!

रविवारी आम्ही चौघं गेलो. मी, पॉवरलूमचा फिटर सलीमभाई आणि मंडळातले आणखी दोघं. होडीत मी त्यांना एक छोटंसं भाषण दिलं. म्हटलं, आदिवासी घरात गेलं की पहिलं पाणी देतात. पाणी नाकारलं की तो त्या घराचा अपमान. म्हणून प्रत्येक घरी प्यायचं, पूर्ण प्यायचं, तांब्यात थेंब ठेवायचा नाही. हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. पण बोलताना फार बरं वाटत होतं.

पहिलंच घर जनीआजीचं. सत्तरीची, काटक, ओटीवर बसून सूप विणत होती. मी सांगितलं, भिवंडीकडून आलोय, गावाची माहिती घ्यायला. तिनं काही विचारलं नाही. सुनेला हाक मारली, सुनेनं माठातलं पाणी आणलं. अहो, काय पाणी होतं! गार, हलकं, गळ्याखाली कधी उतरलं कळलंच नाही. मी विचारलं, आजी, पाणी कसं आहे तुमचं? ती म्हणाली, "गोड हाय. पे अजून."

मी अजून प्यालो. गोडच्या चौकोनात बरोबरची खूण केली.

मग सुरू झालं आमचं जलपान. दुसरं घर, गोड. तिसरं घर, गोड. पाचव्या घरी पायावर चिखल होता म्हणून मी पाय धुवायलाही पाणी मागितलं. तिथल्या बाईनं एकदा माठाकडे बघितलं, एकदा माझ्या पायांकडे आणि पाणी आणून दिलं. मला वाटलं, किती आदर! सातव्या घरी सलीमभाई मला बाजूला घेऊन म्हणाला, "साब, अब मैं आदमी नहीं, टाकी हूँ." मी डोळे वटारले. प्याला बिचारा. चार जण, एकोणीस घरं, गुणाकार तुम्ही करा. मी तेव्हा केला नाही.

मधे एक विहीर लागली. उंबराखाली, चांगली बांधलेली. दोन बायका पाणी शेंदत होत्या. मी विचारलं, पाणी असतं का हिला? म्हणाल्या, हाय की, बारा म्हयने. झालं! गोड पाणी आणि बारमाही विहीर. आता ह्या लोकांना पाइप कशाला? मी फॉर्मच्या खाली ठळक अक्षरात लिहिलं, नळाची गरज नाही. सही केली. तारीख घातली. हाताशी शिक्का असता तर तोही मारला असता.

निघताना जनीआजीला म्हटलं, आजी, हे पाणी मला घरी न्यायचंय, दोन बाटल्या भरून द्या. आजी थोडी थांबली. सुनेनं तिच्याकडे बघितलं. मग आजी स्वतः उठली, माठ कलता केला आणि वाटीनं वाटीनं बाटल्या भरल्या. माठ कलता का करावा लागतो, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता.

परत येताना फॉर्म गुरुजींकडे दिला. त्यांनी सगळी पानं उलटली, चष्मा काढला. म्हणाले, म्हणजे मी उगाच काळजी करत होतो, बेट यादीतून काढतो. मी म्हटलं, काढाच.

घरी आलो. आता एक गोष्ट सांगायची राहिली. आमचं घर खारबावच्या खाडीकडच्या टोकाला. दारात नळ, वर टाकी. पण मी नळाचं पाणी पीत नाही. वास येतो म्हणतो. माझ्यासाठी जार येतो घरात. आणि ती टाकी, तिचं तर मला कोडंच होतं. कधी बघावं तेव्हा अर्धी. मी ड्युटीवरून आलो की पहिलं वाक्य, टाकी कुठे गेली? सुट्टीच्या दिवशी तर शिडी लावून झाकण उघडून बघायचो. सुनीता म्हणायची, कपडे होते आज. इतके कपडे आमच्या घरात कुठून येतात, हे मात्र मी कधी विचारलं नाही.

मी बाटली तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, पी आणि सांग. पाणी म्हणजे काय ते आज कळेल तुला. नाहीतर आपला नळ!

ती प्याली. म्हणाली, गार आहे. कोणी दिलं?

म्हटलं, बेटावर एक जनीआजी आहे, तिनं. माठातलं.

सुनीतानं पेला खाली ठेवला. आधी तिचे खांदे हलले, मग ती खालीच बसली आणि तोंडाला पदर लावून हसत राहिली. मला वाटलं, ठसका लागला. पाठीवरून हात फिरवायला गेलो तर माझा हात बाजूला करून म्हणाली, "अहो, हे आपलंच पाणी आहे. आपल्या नळाचं."

आणि मग सगळं सांगितलं. बेटावरची विहीर खारी. भरतीचं पाणी शिरतं तिच्यात. भांडी, गुरं, धुणं, एवढ्यालाच ती. प्यायचं पाणी बायका होडीनं येऊन नेतात. भरतीची वेळ साधून येतात, हंडे आणि कॅन भरतात, भरती उतरायच्या आत परत जातात. गेली दोन वर्षं आमच्या दारात. पण फक्त मी ड्युटीवर असताना. रविवारी येत नाहीत.

"रविवारी का नाही?" मी विचारलं.

"रविवारी तुम्ही घरी असता," ती म्हणाली. "शनिवारी भरलेलं त्यांना सोमवारपर्यंत पुरवायचं असतं."

खरं सांगतो, हसू आलं होतं ते तिथल्या तिथे विरलं. शनिवारचं पाणी म्हणजे आम्ही प्यालो ते. मी पाय धुतले ते. बाटल्यांत घेऊन आलो ते. बायको ज्या पाण्यासाठी दोन वर्षं माझ्याशी खोटं बोलली, ते मी एका दुपारी संपवून, गरज नाही अशी सही करून आलो होतो. एवढी लाज मला कधीच वाटली नव्हती.

मी तिथूनच गुरुजींना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "एकोणीस वेळा गोड लिहिलंय तुम्ही. आता खारट म्हणता. देणारे विचारतील, तुमचा माणूस चाखतो की झोपतो. उद्या विहिरीचं पाणी घेऊन या. सगळ्यांसमोर चाखू, मग मी त्यांच्याशी बोलतो."

सोमवारी रजा टाकली. सुनीतानं दोन कॅन नळाखाली भरले आणि माझ्या हातात दिले. होडीत बसलो.

आजी ओटीवरच होती. मला बघितलं आणि सुनेला हाक मारली. तांब्या आला! तळाशी इतकंसं पाणी. मी आयुष्यात तांब्याला एवढा कधी घाबरलो नव्हतो. म्हटलं, नको आजी. तिचा चेहरा पडला. म्हणाली, काल घेतलास, आज न्हाय? मी कॅन पुढे ठेवले आणि म्हटलं, मला विहिरीचं पाणी द्या, तेच न्यायला आलोय.

"पाव्हन्याला खारा पानी देऊ?" ती म्हणाली. "माझे हातान न्हाय देनार."

आता काय करावं! इथे सोमवारची दुपार सरत चाललेली, भरती उतरायला लागलेली, आणि म्हातारी ऐकायला तयार नाही. पाइप हातचे जाणार, ते कशामुळे, तर मी पाहुणा आहे म्हणून! शेवटी म्हटलं, आजी, मी पाहुणा नाही. खारबावच्या सुनीताचा नवरा मी.

आजी माझ्याकडे बघत राहिली. मग सुनेकडे वळली. म्हणाली, "अगो, टाकीवाला हा!"

दोघी इतक्या हसल्या की शेजारची घरं बाहेर आली. त्यांनाही सांगण्यात आलं. एकोणीस घरं हसली. मी शिडी कशी लावतो, झाकण कसं उघडतो, सगळ्यांना ठाऊक होतं. सुनीतानं करून दाखवलं होतं म्हणे. हसणं ओसरल्यावर मी आजीला विचारलं, काल का नाही सांगितलंत?

"तू इचारलास कुठं?" ती म्हणाली. "पानी कसा हाय इचारलास, गोड हाय सांगितला. कुठला हाय इचारला असतास, तं सांगितला असता."

मग मी विचारलं, काल आम्ही गेल्यावर तुम्ही काय प्यालात? ती म्हणाली, "पाव्हने आलेले. एक दिस चालता." आणि पुन्हा सुपाला लागली.

विहिरीचं पाणी शेवटी मी स्वतः शेंदलं. एक घोट घेतला. आजी म्हणाली, पूर्ण पे, थेंब ठेवू नको. होडीवाल्यानं माझं भाषण सगळ्यांना सांगितलं होतं तर! प्यालो. तोंड असं झालं की फोटो काढला असता तर फॉर्म भरायची गरजच उरली नसती.

संध्याकाळच्या आत ते पाणी गुरुजींच्या ओटीवर पोचलं. सगळ्यांनी चाखलं. सलीमभाईनं जास्वंदीत थुंकलं. गुरुजींनी तिथूनच फोन लावून पाइप थांबवले, माझी चूक स्वच्छ शब्दांत सांगितली, नावासकट. आज बेटावर नळ आहे, तो त्या फोनमुळे.

फोन ठेवून त्यांनी नवा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, आता नीट भरा, वरपासून. विहिरीचं पाणी, खारट. पिण्याचं पाणी, गोड. मग त्यांनी एका रकान्यावर बोट ठेवलं, जो मी काल मोकळा सोडला होता. पाणी कुठून येतं?

काय लिहिणार? स्वतःचं नाव, खारबाव, खाडीकडचं शेवटचं घर.

गुरुजी म्हणाले, पुरवठा किती वेळ असतो तेही लिहा. खरं ते लिहा.

मी लिहिलं. मालक ड्युटीवर असताना चालू, मालक घरी असताना बंद. आणि खाली सही केली.