सुभेदार रामटेके आणि कागदांचा क्रम

सुभेदार रामटेके मुलाखतीला आले ते पाऊण तास आधी. खराडीत तेव्हा आयटी कंपन्यांच्या इमारती एकीला लागून एक उठत होत्या आणि त्यातली एक आमची बांधकाम कंपनी उभारत होती. मी तिथे प्लॅनिंग इंजिनिअर, म्हणजे पत्र्याच्या केबिनमध्ये बसून कुठलं काम कधी संपेल याचे तक्ते करणारी बाई. गृहस्थ बाहेरच्या खुर्चीवर बसून राहतील असं मला वाटलं होतं, पण खुर्ची रिकामीच. वेळ झाली तेव्हा ते दारात उभे. शर्टाला कडक इस्त्री आणि बूट चिखलाने माखलेले.

"मॅडम, तिसऱ्या मजल्यावर स्लॅबखालचे दोन टेकू विटांवर उभे केलेत," नमस्काराच्या आधी ते म्हणाले. "ते नीट करून घ्या. मग माझी मुलाखत घ्या."

मी माणूस पाठवला. खरंच विटा होत्या. आमचे मालक आपटेसाहेब एवढंच म्हणाले, "मुलाखत झाली. उद्यापासून या."

रामटेके मूळचे नागपूरचे. वडील रेल्वेत गँगमन. घरात देव्हारा नव्हता, तिथे बाबासाहेबांची तसबीर आणि खाली पुस्तकांचं कपाट. 'शिकल्याचा कागद जपून ठेव, तो कुणाला हिसकावता येत नाही,' असं वडील सांगायचे म्हणे. लष्कराच्या इंजिनिअर तुकडीत सव्वीस वर्षं पूल, रस्ते आणि बराकी बांधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि पुण्यात राहिले. बोलणं शांत, प्रमाण मराठीतलं. फक्त रागावले की नागपूर बाहेर पडायचं. "कायले घाई करून राहिले?" हे वाक्य ऐकू आलं की गवंडी मुकाट्याने उलटे फिरत.

सहा महिन्यांत निम्मी साइट तेच चालवू लागले, पण हुद्दा सुपरवायझरचाच. आपटेसाहेबांनी एकदा स्पष्टच सांगितलं, "तुम्हाला प्रोजेक्ट मॅनेजर केलं तर क्लायंट शिक्षण विचारणार. मी काय सांगू, डोंगर चढलेत म्हणून? एखादं सर्टिफिकेट आणा."

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. आयटीतला भाचा म्हणाला, "मामा, प्रोजेक्ट मॅनेजमेंटची ती इंटरनॅशनल परीक्षा द्या. जगात कुठेही चालते." मी माझ्या धंद्याला जागून वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरचा कोर्स सुचवला. स्वारगेटजवळचा एक क्लासवाला सगळ्याच कोर्सेसचं पॅकेज एकदम द्यायला तयार होता. रामटेक्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि रविवारी वेगवेगळ्या साइटवर जाऊन सर्टिफिकेटवाल्यांना गाठायला सुरुवात केली. प्रत्येकाला एकच प्रश्न: "हा कागद आल्यावर तुम्हाला असं काय करता येतं, जे आधी येत नव्हतं?"

एक म्हणाला, पगार वाढला. दुसऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं की व्हिजिटिंग कार्डावर एक ओळ वाढली. बाणेरच्या एका साइटवरचा सेफ्टी ऑफिसर मात्र म्हणाला, "मला चालू काम थांबवता येतं."

सोमवारी रामटेके केबिनमध्ये आले. "ठरलं मॅडम. आधी सेफ्टीचा डिप्लोमा. लष्करात खांद्यावर हुद्दा होता, म्हणून मी 'थांबा' म्हटलं की लोक थांबायचे. इथे खांदा रिकामा आहे."

भाच्याने कपाळाला हात लावला. सेफ्टीवाल्याला कुणी मॅनेजर करत नाही, हे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण रामटेके अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वर्षभर संध्याकाळच्या वर्गात विशीतल्या पोरांशेजारी बसले, पास झाले आणि आमचे सेफ्टी ऑफिसर झाले.

त्यानंतर दोनच महिन्यांनी शेजारच्या नव्या इमारतीच्या पाचव्या मजल्याचा स्लॅब भरायचा होता. काँक्रीटच्या गाड्या फाटकापर्यंत रांगेत उभ्या, दुपारी क्लायंटचे पाहुणे येणार आणि रामटेके परवानगीच्या कागदावर सही करेनात. एका कोपऱ्यातले टेकू एकमेकांना आडवे बांधलेच नव्हते.

आपटेसाहेब धावत आले. "रामटेके, आपण ऑफिस बांधतोय, सीमेवरची चौकी नाही."

"चौकी परवडली, साहेब. ती पडली तर आत आपणच असतो. इथे खाली दुसऱ्यांची माणसं आहेत."

"आणि मी म्हटलं, सुरू करा, तर?"

"तर तुम्ही सही करा. मी करत नाही."

आपटेसाहेबांनी पेन काढलं, खिशाला लावलं, पुन्हा काढलं आणि गाड्या परत पाठवल्या. खालचा मजला रिकामा करून दुरुस्ती सुरू झाली. अकराच्या सुमारास एक टेकू जरा हलवला आणि त्या कोपऱ्यातला अख्खा सांगाडा खाली आला. वर काँक्रीट नव्हतं, खाली माणूस नव्हता. नुसता फळ्यांचा आवाज झाला. मग आपटेसाहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला. कंपनीच्या इतिहासातला तो पहिलाच.

त्यांनीच पुढे रामटेक्यांना त्या इंटरनॅशनल परीक्षेला बसवलं. पहिल्या खेपेला रामटेके नापास. कारण उघड होतं. सरावाच्या प्रश्नात अडचण आली की पुस्तकाचं उत्तर असायचं, 'संबंधितांची बैठक बोलवा.' रामटेके खूण करायचे, 'स्वतः जाऊन बघा.' मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना बैठका बोलवायला शिकवू लागले. आठवड्याभराने ते म्हणाले, "अभ्यास दोघांचा आणि परीक्षा एकाची, हे बरोबर नाही. तुम्हीही फॉर्म भरा." भरला. दोघंही पास झालो. ते प्रोजेक्ट मॅनेजर झाले, मी माझ्या तक्त्यांकडे परतले.

चार वर्षांनी आईच्या आजारपणासाठी त्यांनी नागपूरला परतायचं ठरवलं. आपटेसाहेबांनी विचारलं, तुमच्या जागी कोण?

"मॅडम."

"त्या? त्या तर केबिनमध्ये बसतात."

"तुम्ही बसवलं म्हणून बसतात, साहेब."

आपटेसाहेबांनी ते मान्य केलं आणि मी गडबडले. माझं साइटवर कोण ऐकणार, हा प्रश्न मी त्यांच्या निरोपाच्या दिवशीच विचारला. ते म्हणाले, "नवा हुद्दा मिळाला की पहिला आठवडा कुणीच ऐकत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून ऐकतात. पहिला तेवढा काढा."

तो पहिला आठवडा तीन महिने चालला. शेवटी मी नागपूरला फोन लावून तक्रार केली. रामटेक्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "तीन महिने सांगितले असते, तर तुम्ही हो म्हटलं असतं का?"