पाटी नसलेली घरं

आमच्या जुनी इंदूर भागातल्या गणेश मंडळाची आमंत्रणं दिवाकरकाका गेली एकतीस वर्षं घरोघरी देतात. रेल्वेतून रिटायर झालेले, सायकलवर फिरणारे, दाराशी पोह्यांचं विचारलं तर "अर्धी प्लेट" म्हणून पूर्ण संपवणारे. त्यांची एक वही आहे. डाव्या पानावर आलेली कुटुंबं, उजव्यावर गेलेली. कोण पुण्याला मुलाकडे, कोण बंगळुरूला, कोण थेट कॅनडात, सगळं तारखेसह. सुरुवातीला दोन्ही पानं बरोबरीनं भरायची. गेली दहा वर्षं उजवंच भरत होतं.

मोजायची पद्धत ठरलेली. गल्लीतून जाताना दारावरची पाटी वाचायची. मराठी आडनाव दिसलं की घर वहीत.

यंदा सत्तेचाळीस उरली. मंडळाचं आधीच ठरलं होतं, पन्नासाच्या खाली गेलो की आपली पंगत बंद करायची आणि मोठ्या मंडळात मिसळायचं. कुणीतरी सुचवलं, गेलेल्यांतली तीन नावं राहू द्या, कोण बघायला येतंय. खोटं लिहायला काका तयार होईनात. पण त्यानंतर दोन दिवस त्यांनी पोह्यांनाही नाही म्हटलं.

त्याच आठवड्यात मी थालीपिठाची भाजणी दळायला चक्कीवर गेले. डब्याचं झाकण उघडताच चक्कीवाला हसला. "दीदी, ये धनिये वाला आटा इस महीने नौवां डिब्बा है."

बाकीचे आठ कुणाचे, मी विचारलं. त्यानं हातानंच गल्ल्या दाखवल्या. जैनांच्या वरच्या मजल्यावर जळगावच्या दोन मुली, कंपनीत नोकरीला. शर्माजींच्या मागच्या खोल्यांत अमरावतीचं जोडपं. पलीकडे बऱ्हाणपूरचे कुणी मास्तर. सगळे भाडेकरू, दोन-तीन वर्षांत आलेले.

मी डबा तिथंच ठेवून काकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"भाडेकरूंचं काय घेऊन बसलीस, अमिता. आज आहेत, उद्या नाहीत. पाटी लागली की मोजू."

मंगलाकाकू गवार मोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मामंजी मिलमध्ये कारकून म्हणून आले, ते अकरा वर्षं मूंदड्यांच्या पाटीखाली राहिले. तुमचा जन्मही तिथलाच. तुमच्या वहीच्या हिशेबानं तुम्ही अजून इंदूरला यायचे आहात."

काकांनी चष्मा पुसला, सायकल काढली, आणि मला चक्की नेमकी कुठे आहे ते विचारलं. एकतीस वर्षं तिच्यासमोरून जात होते.

चार दिवस ते नव्यानं फिरले, या वेळी जिने चढून. एका घरानं दुसऱ्याचा पत्ता दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा. वहीत एकसष्ट घरं झाली. प्रत्येक नव्या नावाखाली बारीक अक्षरात कुणाच्या पाटीखाली राहतात तेही लिहिलं. डावं पान पुरेना, तेव्हा काकूंनी सुईदोऱ्यानं एक जादा कागद शिवून दिला. बैठकीत मग पंगत बंद करण्याचा विषय कुणी काढलाच नाही.

पंगतीला जळगावची सुरभी वांग्याचं भरीत घेऊन आली, लसणाचा वास मांडवभर. आमच्या मंडळात नैवेद्याला लसूण चालत नाही. ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं, ती बिचारी ओशाळली. काकांनी स्वतः ते पातेलं उचलून गणपतीपासून दूर, दाराजवळच्या स्टुलावर नेऊन ठेवलं.

मग नैवेद्य झाल्यावर वाटी घेऊन तिथं गेले आणि म्हणाले, "अर्धीच दे."