मनस्वीच्या ऑफिसचा बोगदा

मनस्वी त्या खोलीत दिवसभर काय करत असेल, हा विचार डोक्यातून जात नाही. भांडी घासताना तोच, कपडे वाळत घालताना तोच.

माझी मुलगी द्रोणागिरीच्या एका कंटेनर कंपनीत कागदपत्रांचं काम करते. ऑफिसला क्वचितच जावं लागतं. पनवेलच्या आमच्या घरातली मागची खोली हेच तिचं ऑफिस. सकाळी लॅपटॉप उघडला की ती आधी व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची खासगी वाट, जोडायची. ते जोडलं गेलं नाही की तिची चिडचिड स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायची. एकदा माझ्या आत्येसासूबाई, गोदूआत्या, कोन गावाहून आल्या होत्या.

"काय झालं गो? हापिस बंद हाय का?"

"ऑफिस चालू आहे, आजी. इथून तिथे जायचा बोगदा बंद पडलाय."

"मंग बोगद्यान पन टरेलर अडकला आसल!"

मनस्वी इतकी हसली की पासवर्ड चुकला.

बिल्डिंगमध्ये कुणाचं इंटरनेट अडलं की तिलाच हाक. तिच्या चुलतभावाने, हृतिकने, मॅच बघायला कुठलंसं फुकटचं व्हीपीएन घातलं आणि त्याच्या लॅपटॉपवर काहीच उघडेना. ती खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. उभ्या उभ्या सेटिंग उघडलं आणि प्रॉक्सीचं, म्हणजे सगळं इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरवरून वळवणारं, बटण बंद केलं.

"एवढंच?" हृतिक म्हणाला.

"एवढंच. पुढची मॅच शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघ, शहाण्या."

तिच्या कामाच्या वेळेत दार वाजवायचं नाही, असा घरात नियम आहे. तिच्या कानाला हेडफोन असतो. चहा झाला की मी मिसकॉल देते, ती येते, कप घेऊन जाते. हल्ली कप घेताना ती बोलत नाही. चिडचिडही ऐकू येत नाही. मला वाटलं, ऑफिसने व्हीपीएन सुधारलं असेल.

आज दुपारी तिच्या बाबांनी तिला बळेच बँकेत सोबत नेलं. मला गॅस नोंदवायचा होता. माझा मोबाइल चार्जिंगला होता, म्हणून तिचा लॅपटॉप उघडला. पान येईना. प्रॉक्सी सर्व्हरशी संपर्क होत नाही, असं दिसत होतं. म्हटलं, बोगदा जोडावा. व्हीपीएनवर क्लिक केलं तर इंग्रजीत उत्तर आलं, तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे. शेवटचं जोडल्याची तारीख मागच्या महिन्यातली होती.

मग हृतिकचं तिने केलं तसं केलं. प्रॉक्सीचं बटण बंद केलं. पान उघडलं. गॅस नोंदवला. बटण होतं तसं परत चालू करून ठेवलं.

नोकरी गेली, हे कळलं. नोकऱ्या जातात. पण ऑफिसची प्रॉक्सी चालू आणि बोगदा बंद, म्हणजे त्या लॅपटॉपवर काहीच उघडत नाही. दुसऱ्या नोकरीची जाहिरात नाही, गाणं नाही, बातमी नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती हेडफोन घालून त्या कोऱ्या पानासमोर बसते. मोबाइलवर बघत असेल काहीतरी, असं मी स्वतःला सांगितलं. पटलं नाही.

ते बटण तिला माहीत नाही असं नाही. सगळ्या बिल्डिंगचं तिने केलं. स्वतःचं करायला हात उचलला नाही.

मला रडू आलं नाही. कुकर लावला. ती बँकेतून आली, खोलीत गेली. चहा झाल्यावर मी मिसकॉल दिला. ती आली, कप घेतला, दार लागलं.  

उद्या मिसकॉल देणार नाही. खरा फोन करीन. तिने कापला तर पुन्हा करीन, उचलेपर्यंत वाजू देईन. उचलला की एवढंच सांगेन, "मनू, मला सगळं माहीत आहे. दोघींचा चहा घेऊन दाराशी उभी आहे. उघड."