घाम न येणारी कवायत

आमच्या खेळाच्या बाई कशालाही भ्यायच्या. पालीला भ्यायच्या, विजेला भ्यायच्या, आणि प्राचार्यांच्या चपलांच्या आवाजाला तर पालीपेक्षाही जास्त भ्यायच्या. जिन्यावर तो आवाज आला की बोलता बोलता थांबायच्या, पदर सारखा करायच्या आणि 'अगं बाई' एवढंच पुटपुटायच्या. म्हणून आम्ही पोरींनी त्यांचं नाव अगंबाई ठेवलं होतं. खेळाच्या बाई म्हणजे दणकट बांधा, खणखणीत आवाज, अशी आमची समजूत. यांच्या गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजवायचा धीर त्यांना होत नसे. एकदा वाजवली आणि स्वतःच दचकल्या.

त्यांचं गाव अर्धापूर. लातूरला त्या धाकट्या बहिणीसोबत एका खोलीत भाड्यानं राहत. तरुणपणी खो-खो खेळायच्या आणि चांगल्या खेळायच्या, हे आम्हाला खरंच वाटत नसे. विचारलं की म्हणायच्या, "मागून कुणी हात लावील याची मला लई भीती वाटायची. भ्याले म्हणून पळाले, आणि पळाले म्हणून खेळाडू झाले." हे सांगताना त्या हसायच्या नाहीत, त्यामुळे आम्हीही हसू दाबून ठेवायचो.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. जिकडं तिकडं नव्या पाट्या, नव्या जीपगाड्या, नवे साहेब. नळाला मात्र पाणी नव्हतं. दुसऱ्या वर्षीही पाऊस झालेला नव्हता. कॉलेजनं मुलींसाठी एक दुमजली घर भाड्यानं घेऊन त्याला वसतिगृह हे नाव दिलं होतं. तिथं टँकर येईल त्या दिवशी अंघोळ, एरवी ओल्या फडक्यानं हातपाय पुसायचे. मी मुखेडजवळच्या खेड्यातून आलेली. दुष्काळी कामावर वडील खडी फोडत होते आणि मी बारावी सायन्सला होते. आमच्या घरात इथवर पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे नापास होऊन परत जायला मला तोंड नव्हतं.

त्या वर्षी मला जेवढी भीती वाटली, तेवढी पुढं बाळंतपणातही वाटली नाही. सकाळी उठले की अंग दगडासारखं जड. पुस्तकातली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची आणि शेवटी तिचा अर्थ लागायचा नाही. लिहिता लिहिता बोटं मुंग्या आल्यासारखी बधिर व्हायची. रडू यायचं, आणि कशाचं येतंय ते कळायचं नाही. माझ्या शेजारी खिडकीजवळ एक रिकामी खाट होती. मागच्या वर्षी तिच्यावर झोपणारी मुलगी अशीच थकत गेली, विश्रांतीला म्हणून घरी गेली आणि आलीच नाही. कुणी म्हणे तिच्या डोक्यावर परिणाम झाला, कुणी म्हणे ती भिंतीकडं तोंड करून पडून असते, आईलाही ओळख देत नाही. त्या खाटेवर कुणी बसत नसे, साधी वहीसुद्धा ठेवत नसे. मी मात्र रोज तिच्याकडं बघायचे आणि मनात म्हणायचे, आता माझा नंबर.

बाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी त्या आपण होऊन वसतिगृहावर आल्या आणि आम्हाला गच्चीवर बोलावलं. म्हणाल्या, "तुमचे खांदे बघा कुठं गेलेत. कानाला लागलेत. भीती आधी खांद्यावर येऊन बसती. तिला खाली उतरवा, बाकीचं मग बघू." आणि त्यांनी खांदे कानापर्यंत नेऊन हळूच सोडून दाखवले. मग मान, मग मनगटं, ओलं लुगडं पिळतात तशी. मग खो-खोच्या पाटीवर बसतात तसं उकिडवं बसायचं, श्वास घेत उठायचं, श्वास सोडत बसायचं. शेवटी हात मोकळे हलवत गच्चीवर फेऱ्या. इतकंच.

पण एक नियम फार कडक होता. घाम येता कामा नये. कुणाच्या कपाळावर ओल दिसली की बाई धावत यायच्या, "थांब, थांब, बस खाली. न्हायला पाणी कोण देणार? कलेक्टर?" त्यामुळे सगळं इतकं हळू चालायचं, की शेजारच्या गच्चीवरून बघणाऱ्या बायकांना आम्ही काहीतरी हरवलेलं शोधतोय असं वाटे. घाम न येणारी कवायत जगात दुसरीकडं कुठं असेल असं मला वाटत नाही.

मी चेष्टा करायला गेले आणि चेष्टा करायचं विसरले. काही दिवसांनी मला झोप लागू लागली. वाचलेली ओळ पुन्हा डोक्यात राहायला लागली. बोटं बधिर झाली की मनगटं पिळायची, पुन्हा लिहायचं. भीती गेली नव्हती, पण आता ती अंगावर चढून बसत नव्हती, समोर उभी राहायची. बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "समोर असू दे. समोरची दिसती तरी."

आणि मग सुनंदा पडली.

सुनंदा माझ्याच खोलीतली, शिरूर अनंतपाळकडची. उकिडवी बसली होती ती उठली, आणि उठताना सरळ गच्चीच्या फरशीवर कोसळली. डोळे पांढरे झाले. बाईंनी तिला रिक्षात घातलं, तिचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्यात नेलं. सुनंदा वाचली. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी संपलंय, सलाईन लावतो. पण गावभर झालं ते वेगळंच. कवायतीनं पोरगी पाडली, असं लोक बोलू लागले. एसटीचे कंडक्टर ही बातमी तालुक्यातालुक्याला घेऊन गेले. बाईंनी कवायत बंद केली. दोन-तीन दिवसांत आमचे खांदे पुन्हा कानाला लागले, आणि मी पुन्हा त्या खाटेकडं बघू लागले.

एका दुपारी बाई खोलीत आल्या. चेहरा उतरलेला. कुठं बसतोय हे न बघता त्याच रिकाम्या खाटेवर बसल्या. म्हणाल्या, "मला खरं सांगा. तुम्ही पाणी किती पिता?"

शेवटी मीच बोलले. संडासात टाकायला पाणी नसल्यानं त्याला कुलूप होतं. मागच्या मोकळ्या रानात अंधार असताना जायचो, तर तिथं नव्या जिल्ह्याच्या कचेरीचं बांधकाम निघालं, तारेचं कुंपण झालं, मजुरांची पालं पडली. आता पहाटे एकदाच लांबवर जावं लागे, नंतर दिवसभर सोयच नव्हती. म्हणून आम्ही दुपारनंतर पाणी प्यायचंच सोडलं होतं. सुनंदा तर सकाळीही पीत नव्हती. आम्ही हे ठरवून केलं नव्हतं. प्रत्येकीनं आपापलं केलं होतं, आणि लाजेपायी एकमेकींनाही सांगितलं नव्हतं.

बाई खाली बघत म्हणाल्या, "मला कळायला पाहिजे होतं. कॉलेजात मी बी तेच करते."

दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "तू चल माझ्यासंगं. एकटीला भ्या वाटतंय." आम्ही प्राचार्यांच्या खोलीत गेलो. मी बघितलं, बाईंनी खांदे वर नेले, हळूच सोडले, आणि सगळं सांगितलं. संडास हा शब्द त्या खोलीत पहिल्यांदाच बोलला गेला असावा. प्राचार्य खिडकीतून बाहेर बघत ऐकत होते. वाईट नव्हते ते, त्यांनाही पालकांची धास्ती होती. म्हणाले, "पाण्याचं करतो मी. पण ती कवायत बंद म्हणजे बंद. पुन्हा घेतलीत तर तुमची नेमणुकीची ऑर्डर मला वाचवता येणार नाही." वर्षाच्या बोलीवरची नोकरी होती बाईंची. टँकरमधून एक पिंप फक्त संडासासाठी वेगळं भरायचं ठरलं, आणि कुलूप निघालं.

त्याच आठवड्यात माझे वडील आले. हातात रिकामी पिशवी, माझे कपडे भरायला आणलेली. दारातच उभे राहिले. बाईंना "जयभीम" म्हणाले आणि माझ्याकडं वळून बोलले, "चल माय घरी. जीव राह्यला तर शिक्षण."

घरी गेलेली मुलगी परत येत नाही हे मला ठाऊक होतं. मी बाईंकडं बघितलं. बाई घाबरल्या आहेत हे स्पष्ट दिसत होतं.

"पोरगी पडली म्हनून कंडक्टर सांगून राह्यला," वडील म्हणाले. "हिच्या मायला घास गिळंना. उद्या हिला काय झालं तर जिम्मा कोन घेनार, मॅडम?"

बाई म्हणाल्या, "जिम्मा म्हणलं की माझे हातपाय गार पडतात, भाऊ. खोटं कशाला सांगू. पण हिला तुम्ही नेलं तर ही परत यायची नाही. तशी एक गेली. तिची खाट आत रिकामी हाय. मला त्या खाटेची लई भीती वाटते. एकीच्या दोन नको व्हायला." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही एकदा बघा काय करतो ते. बघून न्यायची तर न्या."

त्यांनी आम्हा सगळ्यांना गच्चीवर नेलं. आधी प्रत्येकीला तांब्याभर पाणी प्यायला लावलं. मग खांदे, मान, मनगटं, उठणं, बसणं. वडील जिन्याच्या तोंडाशी पिशवी धरून उभे. खाली रस्त्यावरून माणसं जात होती, कॉलेजचा शिपाईही गेला. बाईंचा आवाज कापत होता, पण त्यांनी एकही हालचाल गाळली नाही.

संपल्यावर वडिलांनी मला विचारलं, "कसं वाटतं?"

मी म्हणाले, "बाबा, भीती वाटते. पण हातपाय माझे हायेत असं वाटतं."

खडी फोडून वडिलांचा उजवा खांदा कायम वर राहिलेला असायचा. त्यांनी तो हातानं जरा चोळला, रिकाम्या पिशवीची घडी केली आणि मुखेडच्या गाडीनं एकटेच परत गेले.

पुढं बाई रोज संध्याकाळी येत राहिल्या. कॉलेजात मात्र दिसेनाशा झाल्या. विचारलं तर म्हणाल्या, "सकाळचं काम कमी झालंय." आम्हाला वाटलं, कवायत चालू आहे हे प्राचार्यांना कळलंच नाही, आपलं फावलं. सुनंदाही परत आली. परीक्षा संपली त्या दिवशी बाई आम्हाला सोडायला बसस्टँडवर आल्या, प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि आमची गाडी मागं सरकली तशा घाबरून लांब उभ्या राहिल्या.

डॉक्टर होण्याइतके गुण मला पडले नाहीत. बीएस्सी केलं, पुढं शिकले आणि नांदेडच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. परीक्षेच्या दिवसांत माझ्या वर्गातल्या मुली कोमेजायला लागल्या की मी बाकं सरकवते आणि त्यांना उभं करते. त्या हसतात, मग त्यांचे खांदे खाली येतात. बाई अर्धापूरला राहायला गेल्या होत्या. तिथं मी त्यांना अधूनमधून भेटायला जायचे. त्या चहा करायच्या, गॅस पेटवताना तोंड बाजूला करायच्या, त्या वर्षाबद्दल मात्र काही बोलायच्या नाहीत.

बाई गेल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्या बहिणीला भेटायला गेले. ओसरीवर बसलो होतो. मी सहज म्हणाले, प्राचार्यांना त्या कवायतीचा पत्ता लागला नाही, बरं झालं.

बहीण माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "लागला नाही कसा? तुझे वडील आले होते ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सरांनी तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. परीक्षेपर्यंत ती बिनपगारी येत होती तुमच्याकडं. लोकांचे कपडे शिवून आम्ही दिवस काढले."

मी मनातल्या मनात महिने मोजू लागले.

"रोज निघताना तिचे पाय कापायचे," बहीण म्हणाली. "वाटेत सर दिसतील, कुणी हटकील, या भीतीनं. मी म्हणायचे, अक्का, मग जातेस कशाला? तर म्हणायची, पोरी वाट बघत असतील."

आम्ही खरंच वाट बघत असायचो.