जुन्या रहिवाशांनी हात वर करा

शालू, मी गाव सोडलं त्या सकाळी तू झोपली होतीस. आईने एसटीत माझी पिशवी चढवली आणि खिडकीखाली उभी राहून एवढंच म्हणाली, "कोणाक जड होव नको, बाय." आठवी अर्धी टाकून मी जोगेश्वरीला मावशीकडे आले, पोळी-भाजी केंद्रात लागले. आईचं ते सांगणं इतकं पाळलं, की अजून रिक्षावाल्याला "इथेच थांबवा" म्हणताना आवाज बारीक होतो.

मावशी गेली आणि खोलीत मी एकटी उरले. समोरची सुलभा नसती तर केव्हाच परत आले असते. बँकेचा फॉर्म असो, दवाखाना असो, ती न सांगता बरोबर यायची. तिचा जन्मच या चाळीतला. आता महिनाअखेरीस खोली विकून ती मुलाकडे पनवेलला चाललीय. दोन महिन्यांपूर्वी तिने सांगितलं तेव्हा मी "छान झालं" म्हटलं, आणि घरात येऊन एकटीसाठी चार माणसांची कणीक मळली.

गेल्या शनिवारी तिने मला शाळेच्या हॉलमध्ये नेलं. जोगेश्वरीच्या इतिहासावर व्याख्यान होतं. मी म्हटलं, तिथे सगळे शिकलेले असणार.

"मग? तू काय परीक्षेला बसतेयस? चल ना यार, चहा पण आहे."

बोलणारे सर निवृत्त शिक्षक होते. गुंफा झाल्या, भातशेती झाली. मग पडद्यावर आमच्या मागचा टॉवर आला. "इथे आधी काय होतं? जुन्या रहिवाशांनी हात वर करा."

मला ठाऊक होतं. पण जुनी रहिवासी सुलभा, मी कुठली? मी तिच्याकडे बघितलं, तर तिने माझंच मनगट धरून वर केलं.

"अगं, तू सांग ना!" मी कुजबुजले.

"तूच सांग. मी गेल्यावर इथली जुनी तूच."

उठावं लागलं. "तबेला होता, सर. म्हशी परत यायच्या तेव्हा बससुद्धा थांबायची." लोक हसले, पण चांगलं हसले. सरांनी माझं नाव विचारून वहीत लिहून घेतलं.

परतताना गल्लीच्या तोंडाशी माझ्या तोंडून निघालंच, "सुलभा, जाऊ नको ना."

ती थांबली. "आत्ता सांगतेस होय गं? सह्या झाल्यावर?" आधी हसली, मग ओढणीने डोळे पुसत चिडून म्हणाली, "दोन महिने वाट बघतेय, ही बाई काहीतरी बोलेल म्हणून. तर म्हणे छान झालं!"

शालू, तू फोनवर विचारतेस, घरी कधी येतेस. गणपतीला येईन. पण इथे दोन महिने कुणीतरी माझ्या एका शब्दासाठी थांबलं होतं, आणि तेच माझं घर होतं हे मला फार उशिरा कळलं. महिनाअखेरीस ते टेम्पोत चढेल. गल्ली अरुंद आहे, ड्रायव्हर नवखा असेल. पुढे चालत त्याला वाट मीच दाखवीन.