पंख्याचं पांढरं बटण

पार्किंगमध्ये आले की काका आधी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवत. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तशी. गाडी चार दिवस जागची हललेली नसली तरी. मग हात तिथेच ठेवून माझ्याकडे बघत आणि म्हणत, "गार आहे."

"उभीच आहे काका ती सोमवारपासून," मी म्हणायचे.

"तरी बघितलेलं बरं."

वारज्यातल्या आमच्या सोसायटीत त्यांची जुनी गाडी आणि माझी स्कूटर शेजारी शेजारी लागत. सकाळी शाळेला निघायच्या घाईत मी नेमकी त्यांच्या तावडीत सापडे. मी भूगोल शिकवते. गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे काही चुकलं तर जाणकारांनी अंगावर येऊ नये. तरीही मोटारीच्या पंख्यावर मी आज परीक्षा देऊ शकेन, इतकं त्यांनी मला ऐकवलं आहे.

ते असं. इंजिन गार ठेवायला त्याच्याभोवती पाणी फिरत असतं. ते पाणी निवायला गाडीच्या पुढच्या बाजूला जाळी असते आणि जाळीमागे विजेचा पंखा. पाणी फार तापलं की पंखा आपोआप लागतो, निवलं की आपोआप थांबतो. 'आपोआप' म्हणताना काकांचा चेहरा काढा प्यायल्यासारखा होई. "आपोआप काही होत नसतं हो," ते म्हणत. "आपलं आपल्या हातात असलेलं बरं."

म्हणून त्यांनी बॅटरीपासून पंख्यापर्यंत स्वतःची वेगळी वायर ओढली आणि पंखा लावायचं बटण स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला बसवलं. बटण कसलं, तर घरातलं. तपकीर गल्लीतल्या विजेच्या दुकानातून आणलेलं, भिंतीवर ट्यूबलाइटला असतं तसं पांढरंशुभ्र. काळ्या डॅशबोर्डावर ते बघून पहिल्यांदा बसणाऱ्याला वाटावं, हे दाबलं की जिन्यातला दिवा लागेल.

पहिल्या खेपेला वायर बारीक निघाली. पंखा वीज खातो बरीच, वायर तापली, वरचं प्लॅस्टिक वितळलं आणि असा वास सुटला की तळमजल्यावरच्या बाईंनी घाबरून गॅस बंद केला. मग जाड वायर आली. मग नाना पेठेतून रिले नावाची डबी आली, ती बटणावरचा भार आपल्यावर घेते म्हणे. मग फ्यूज आला. मग त्या डबीवर पाणी उडतं असं वाटून तिची जागा बदलली. मग जुनीच जागा बरी होती असं वाटलं. दर रविवारी बॉनेट उघडं, आणि त्याच्याखालून दोन बारीक पाय बाहेर आलेले.

बसणं त्यांना माहीतच नव्हतं. सरकारी कचेरीत जन्म टेबलामागे गेलेला, त्याचा सूड घेत असावेत. चहा उभ्याने प्यायचे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष पाणीपट्टीवर बोलत असताना हे वाकून शेजारच्यांच्या खुर्चीचे ढिले स्क्रू आवळत होते, आणि ते शेजारी, त्यांना न दुखावता, एकेक पाय उचलून देत होते. तुमच्याही सोसायटीत असा एक जण असेल. बघा आठवून. आपण त्याला हसतो आणि खुर्ची डुगडुगली की त्यालाच शोधतो.

काकूंचं अगदी उलट. बसल्या की बसल्या. माहेर साताऱ्याच्या पुढचं, पण लग्नानंतर निम्मं आयुष्य सदाशिव पेठेत काढल्यामुळे जीभ तिथली. "आमच्याकडे गाडीच्या पंख्याला स्वतंत्र बटण आहे," त्या एकदा म्हणाल्या. "हॉलमधला मात्र काठीने ढकलून सुरू करावा लागतो."

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. काकू त्या गाडीत कधी बसत नसत. मंडईला बसने, डॉक्टरांकडे रिक्षाने. काका गाडी पुसून उभे आणि काकू फाटकाबाहेर रिक्षाला हात करताहेत, हे मी कितीदा पाहिलं होतं. मला वाटायचं, वायरींच्या जळक्या वासाला कंटाळल्या असतील.

खरं कारण एका रविवारी कळलं. "जरा टॉर्च धरता?" म्हणून काकांनी मला उभं केलं होतं. वायरवर काळी टेप गुंडाळता गुंडाळता ते एकदम बोलू लागले, माझ्याकडे न बघता.

"मे महिना होता. हिच्या आईचं जास्त झालं म्हणून फोन आला. निघालो तसेच. खंबाटकीच्या घाटात ट्रकांची ही रांग. आणि पंखा लागला नाही."

"मग?"

"आपोआप लागायला हवा होता. मी रस्ता बघत होतो, तापमानाचा काटा कोण बघतो? बॉनेटमधून वाफ आली तेव्हा कळलं."

घाटात गाडी बाजूला घेऊन ती निवायची वाट बघत बसले. जवळच्या बाटल्या ओतून झाल्या तरी पाणी कमीच. काकूंच्या मांडीवर देवघरातला गंगेचा गडू होता, सीलबंद, सासूबाईंनी काशीहून आणलेला. आईच्या तोंडात दोन थेंब घालायचे म्हणून घेतलेला. त्यांनी स्वतःच सील तोडलं आणि गडू पुढे केला. "हे घाला," म्हणाल्या.

"आणि मी घातलं," काका म्हणाले. टेप संपली होती, तरी बोटं गोल फिरतच होती. "घोटभर पाणी. त्याने काय होणार होतं? पण घातलं."

पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. माणसं स्मशानातून येऊन, आंघोळी करून ओसरीवर बसली होती. काकू रिकामा गडू घेऊन आत गेल्या.

"काही बोलल्या का तुम्हाला?"

"नाही ना. तेच तर. त्या दिवशी नाही, नंतर नाही. फक्त या गाडीत बसत नाही." त्यांनी माझ्या हातातला टॉर्च घेऊन विझवला आणि बॉनेट दाणकन आपटलं. मी शाळेचा काहीतरी बहाणा करून सटकले, रविवार असून.

त्या दिवसापासून मला त्या पांढऱ्या बटणाचं हसू येईनासं झालं.

काका अधूनमधून एकटेच कात्रजचा घाट चढून उतरून येत. आल्या आल्या घरात जाऊन सांगत, "चढली. काटा हलला नाही." काकू म्हणत, "बरं," आणि आधण ठेवत. एकदा मीही बरोबर गेले. पंखा लावला की दिवे मंद होत आणि हॉर्नचा आवाज सर्दी झाल्यासारखा येई. काकांचे डोळे काट्यावर खिळलेले.

"काका, रस्त्याकडे बघा!"

"रस्ता कुठे जातोय? काटा जातो."

जीव मुठीत धरून मी परत आले.

मग काकूंच्या भाच्याचं लग्न ठरलं, माहेरच्या गावी. काकांनी मला जिन्यात गाठलं. हातात स्क्रू-ड्रायव्हर, एका पायावरून दुसऱ्या पायावर. "तुम्ही विचारा ना तिला. गाडीने येतेस का म्हणून. तुमचं ऐकते ती."

मी विचारलं. काकू मेथी निवडत होत्या. काडी न काडी बाजूला करत म्हणाल्या, "तुला काय वाटतं, मी गाडीला घाबरते? की आईवरून राग धरून बसलेय?"

"मग काय?"

"घाटात गाडी बंद पडली तेव्हा ह्यांचं तोंड बघितलं होतंस तू? मी बघितलंय. आई गेल्याचं दुःख झालंच, ती म्हातारी झाली होती, गेली. पण ते तोंड मला परत बघवायचं नाही. म्हणून बसत नाही."

"अहो, मग सांगा ना त्यांना तसं! ते बिचारे इतके दिवस..."

"सांगून काय होईल? तोंडसुद्धा दुरुस्तीला काढतील." मग पुढची काडी उचलत म्हणाल्या, "तू सांगू नकोस. शपथ आहे."

माझी झोप उडाली. खाली एक माणूस वायरी बदलत सुटलेला, वर त्याच्या बायकोला वायरींशी काही घेणंदेणंच नाही, आणि दोघांमध्ये मी, तोंडाला कुलूप लावून. जिन्यात काका दिसले की मी मोबाइल कानाला लावायचे.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी काकू खाली आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "किती वाजता निघायचंय?" बस. एवढंच. काकांच्या हातून पान्हा खाली पडला. त्यांनी पाण्याचे कॅन भरले, डिकीत लावले, काढले, पुन्हा लावले. बटण दाबून पंखा फिरतो का बघितला. थोड्या वेळाने पुन्हा येऊन बघितला. अंधार पडेपर्यंत त्यांच्या चपला जिन्यात वाजत होत्या.

सकाळी मी खाली आले तर काकू पुढच्या सीटवर बसलेल्या, काठापदराची साडी, मांडीवर पर्स. सोसायटीतली निम्मी माणसं कारणं काढून पार्किंगमध्ये जमलेली. काकांनी बॉनेटवर हात ठेवला, "गार आहे" म्हणाले, आत बसले, किल्ली फिरवली. कट् असा आवाज आला आणि पुढे काही नाही. पुन्हा किल्ली. पुन्हा कट्.

पांढरं बटण चालूच राहिलं होतं. ते थेट बॅटरीवर, गाडीची किल्ली काढली तरी त्याला पत्ता नाही. पंख्याने फिरून फिरून बॅटरी पार उतरवली होती. वॉचमन डोकं खाजवत म्हणाला, "पहाटंपतुर फिरत हुता की. मला वाटलं, काकांचं कायतरी चाललंय, म्हणून मी हात नाय लावला." त्याचं तरी काय चुकलं? काकांचं काहीतरी नेहमीच चाललेलं असे.

आणि मग मी ते तोंड बघितलं. काका गाडीतून उतरून उभे होते, हात लोंबकळत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचे हात काहीच करत नव्हते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. काकूंना काय बघवत नव्हतं ते मला कळलं. मीही नजर वळवली.

काकूंनी पर्स उघडली. आतून तांब्याचा गडू काढला, तोच, झाकणाला पोचा आलेला. खिडकीतून बाहेर धरला.

"नळाचं आहे," म्हणाल्या. "लागलं तर असू दे म्हणून घेतलंय. आता उभे काय राहिलात? ढकलायला सांगा."

काका आधी हसले की आधी रडले, सांगता येणार नाही. आम्ही सगळ्यांनी गाडी ढकलली, अध्यक्षांनीसुद्धा, इस्त्रीच्या शर्टात. फाटकाच्या उतारावर ती दोन गचके खाऊन सुरू झाली.

"पंखा लावू?" काकूंचा हात बटणाकडे गेला.

"आत्ता नको! आधी बॅटरी भरू दे."

"मग कधी?"

"घाटात."

"बरं. घाट लागला की मी लावीन. तुम्ही रस्ता बघा."

लग्नाहून आल्यावर काका मला म्हणाले, "काटा हलला नाही." काकू म्हणाल्या, "मागे गाडी बंद पडली होती त्या वळणावर हे थांबत होते. मी म्हटलं, चला." त्यानंतर काकू मंडईला गाडीने जाऊ लागल्या, आणि गंमत म्हणजे हॉलमधला पंखाही दुरुस्त झाला. चार-सहा महिने हे सुख चाललं.

थंडीत एका सकाळी काका झोपेतून उठलेच नाहीत. कधी एका जागी न बसलेला माणूस असा चुळबूळही न करता जाईल असं आम्हाला कुणाला वाटलं नव्हतं. भेटायला आलेल्यांना काकू सांगत होत्या, "आयुष्यात एवढी एकच गोष्ट आपोआप होऊ दिली त्यांनी." लोक चपापले. मला मात्र हुंदका आवरेना, आणि उलट काकूंनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला.

गाडी अजून तिथेच आहे. टायर बसलेत, काचेवर धूळ. माझी स्कूटर काढताना माझाही हात हल्ली बॉनेटला लागतो. गारच असते.

परवा शाळेतून आले तर गाडीचं दार उघडं. काकू आत आपल्या जागेवर बसल्या होत्या. त्यांनी पांढरं बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं, थोडा वेळ वाट बघितली.

"बॅटरी उतरली असेल, काकू," मी म्हटलं. "मेकॅनिकला बोलवू का?"

"कशाला?"

त्या उतरल्या, दार लावलं, दोन पावलं गेल्या आणि परत फिरल्या. दार उघडून वाकून बटण नीट बंद केलं, बोटाने चाचपून खात्री केली.

"चालू राहायला नको," म्हणाल्या. "सकाळी निघताना त्यांची पंचाईत होते."